गणित शिकवा

फादर स्टीफन त्रिभुवन यांना मराठीची लाज वाटायची. जन्म गंगापूर तालुक्यातल्या खेड्यात, आई अजून गावाकडं मराठीतून जपमाळ म्हणते, आणि हा माणूस शाळेच्या शिपायाला 'कम हियर' म्हणून हाक मारायचा. शिपाईही मराठीच होता. तो यायचा, पण तोंड वाकडं करून.

छावणीतल्या आमच्या संत बार्बरा माध्यमिक विद्यालयाचे ते मुख्याध्यापक झाले आणि फाटकावरची मराठी पाटी खाली उतरली. मग पुढच्या मैदानावर काचेची इमारत उभी राहिली, ती इंग्रजी माध्यमाची. आम्ही मराठीवाले मागं, सायकल स्टँडला लागून असलेल्या जुन्या खोल्यांत. पाचवीचे प्रवेश बंद झाले, म्हणून पुढं सहावी राहिली नाही, मग सातवी राहिली नाही. शेवटी नववी-दहावी तेवढी उरली, तेव्हा फादर सभेत म्हणाले, "मराठीला मुलंच मिळत नाहीत, आपण काय करणार?" सगळ्या शिक्षकांनी माना हलवल्या. बाजरीच्या ताटाला त्यांच्यापेक्षा जास्त कणा असतो.

मी सरिता, तिथं मराठी शिकवायची. माझं गाव देवगाव रंगारी. या शाळेच्या वसतिगृहात राहूनच मी दहावी झाले, त्यामुळं शाळेचा सुवर्णमहोत्सव ठरला तेव्हा मला आनंद झाला होता. तो आनंद नाटकाची तालीम सुरू होईपर्यंत टिकला.

नाटक शाळेच्या संस्थापिका सिस्टर इमाक्युलाता यांच्यावर होतं. बसवायला विश्वजीतला बोलावलं होतं. हा शाळेचा माजी विद्यार्थी. लग्नाचे स्टेज आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस सजवतो. त्यानं नाटकाचं नाव ठेवलं 'प्रकाश'. कथा अशी की खेड्यात नुसता अंधार, माणसं भुकेली, अडाणी. सिस्टर हातात कंदील घेऊन येतात आणि गाव त्यांच्या पाया पडतं. सिस्टर आणि फादर इंग्रजी माध्यमाची मुलं होणार. गावकरी मात्र आमच्या नववीच्या मुली.

"आमच्याच का?" मी विचारलं.

"मॅडम, त्या नॅचरल वाटतात," विश्वजीत म्हणाला. वर त्यानं फाटक्या कपड्यांचं गाठोडं माझ्यापुढं टाकलं. "आणि तोंडाला थोडा कोळसा फासा."

गावकऱ्यांत मुख्य काम रूपाला मिळालं होतं. रूपा लासूर स्टेशनहून रोज रेल्वेनं यायची. वर्गात सगळ्यात खणखणीत आवाज तिचाच. तिनं सिस्टरच्या पायावर लोळण घेऊन म्हणायचं होतं, "माय, आम्हाला अंधारातून वाचीव!" तालमीत ती उभीच राहिली.

"मॅडम, हे खरंच असं झालं व्हतं का?"

मी फादरांना विचारलं. ते फोनवरून नजर न काढता म्हणाले, "सरिता टीचर, इट इज सिम्बॉलिक." एवढं बोलून ते काचेच्या दारातून आत गेले.

रूपानं घरी सांगितलं असणार, कारण शनिवारी तिची आजी शाळेत आली. मनकर्णाबाई. सरकारी दवाखान्यातून हेड नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. परीटघडीची पांढरी साडी, खांद्याला पर्स, चालण्यात अजून वॉर्डातला दरारा. सिस्टर इमाक्युलातांच्या वसतिगृहात राहिलेल्या पहिल्या मुलींपैकी त्या एक. मी त्यांना फादरांकडं घेऊन गेले.

फादरांचा चेहरा खुलला. "वा, आजी! तुमचा सत्कार करू आपण स्टेजवर. आमच्या सर्वात जुन्या लाभार्थी!"

"कोण लाभार्थी?" मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं. त्यांनी स्वतःच खुर्ची ओढली. "फादर, ऐका. तुमची सिस्टर लासूरला आली ती शिलाईचा क्लास काढायला. पोरींना शिवणकाम शिकवायचं, बस्स. माझे वडील अप्पाराव आमच्या वस्तीतली माणसं घेऊन तिच्याकडं गेले. इस्त्रीची कापडं घालून गेले, फाटकी नाय. म्हणाले, बाई, आम्हाला बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलंय, शिवा म्हणून नाय. शिलाई नको, पोरींना गणित शिकवा. दहावीपर्यंत शाळा काढा."

"मग?" मी विचारलं.

"मग ती खाली मातीत बसली. बाप्याबायांच्या मधी. दुपारभर ऐकत राहिली. म्हणाली, मला गणित येत नाय, पण गणित येणारा माणूस आणते. आन् आणला. छावणीत जागा मिळवली, गावाकडच्या पोरींना वसतिगृह केलं, म्हणून ही शाळा हाय. लई मोठ्या मनाची बाई. तिच्या पाया पडलेलं तिला खपायचं नाय, आन् तुम्ही माझ्या नातीला लोळायला लावता?"

फादरांनी घड्याळाकडं पाहिलं. "आजी, स्टेजवर एवढं डिटेल दाखवता येत नाही. लोकांना इमोशन लागतं."

मनकर्णाबाई उठल्या. "लोकांना काय लागतं ते तुम्हाला ठावं नाय. तुम्हाला काय लागतं ते मला दिसलं," एवढं म्हणून त्या बाहेर पडल्या. व्हरांड्यात रूपा उभी होती. तिला त्या म्हणाल्या, "तुला पटंल ते कर. मी जबरदस्ती करणार नाय."

मी त्याच दिवशी ते गाठोडं सफाईवाल्या गोजरबाईंना दिलं. त्यांनी त्या चिंध्यांनी काचा पुसल्या. काचा चांगल्या निघाल्या.

महोत्सवाच्या संध्याकाळी पहिल्या रांगेत बिशपसाहेब, त्यांच्या शेजारी आमदार, मग शहरातले बिल्डर. मराठी माध्यमाच्या पालकांना मागं, मांडवाच्या कडेला बसवलं होतं. विश्वजीत रंगपटात आला आणि थबकला. आमच्या मुली आयांच्या पांढऱ्या साड्या नेसून, केसांना तेल लावून, रांगेत उभ्या होत्या.

"कपडे कुठंयत?" तो ओरडला.

"घातलेत की," रूपा म्हणाली.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "पडदा उघडतोय, विश्वजीत."

सिस्टरचं काम करणारी सोनिया कंदील घेऊन रंगमंचावर आली. गावकऱ्यांनी रडत धावत यायचं होतं. त्या चालत आल्या. रूपा सोनियासमोर उभी राहिली. पायावर पडली नाही. मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सिस्टर, आम्हाला शिलाईचा क्लास नको. गणित शिकवा. दहावीपर्यंत शाळा काढा."

सोनियाला पुढचं वाक्य होतं, 'ऊठ, माझ्या लेकरा.' पण कुणी पडलंच नव्हतं. ती बिचारी गोंधळली. विंगेतून विश्वजीत हातवारे करत होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग रूपाकडं, आणि कंदील बाजूला ठेवून चक्क खाली बसली. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "मला गणित नाही येत. तुम्ही सांगा, मी ऐकते."

तिला हे कुणी शिकवलं होतं? नंतर कळलं, रूपानंच डबा खाताना तिला आजीची गोष्ट सांगितली होती. काचेच्या इमारतीतही एखादं कान असलेलं पोर निघतं.

मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या. पुढचे बघत होते बिशपसाहेबांकडं. फादर त्रिभुवन कपाळाचा घाम पुसत होते. म्हाताऱ्या बिशपसाहेबांनी हळूहळू उठून टाळ्या वाजवल्या. लगेच फादर उठले. मग आमदार उठला, बिल्डर उठले, आणि आमच्या शिक्षकांच्या त्या प्रसिद्ध माना पुन्हा हलल्या.

जेवणाच्या वेळी फादर बिशपसाहेबांना इंग्रजीत सांगत होते की लोळणं-बिळणं मुद्दामच टाळलं, ही कल्पना माझीच. विश्वजीत शेजारी उभा राहून 'येस फादर' म्हणत होता. एका ताटात खाणाऱ्यांना एकमेकांचं उष्टं चालतंच.

टाळ्यांनी वर्ग वाचत नाहीत. जूनमध्ये मराठी माध्यम बंद झाल्याचं फादरांनी जाहीर केलं. मी अतिरिक्त ठरले. समायोजनात मला लासूर स्टेशनची शाळा मिळाली. रूपाचं नावही आजीनं तिथंच घातलं होतं. मनकर्णाबाईंनी बिशपसाहेबांना भेटून विरोध केला. बिशपसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, हळहळ व्यक्त केली आणि काहीच केलं नाही. त्यांच्या टाळ्यांचीही किंमत मला तेव्हा कळली.

फादर आता धर्मप्रांताच्या सगळ्या शाळांचे प्रमुख आहेत. ग्रामीण मुलींच्या शिक्षणावर भाषणं देतात. मध्यंतरी त्यांच्या कार्यालयातून मला फोन आला. फादरांना भाषणासाठी 'खेड्यातले दोन-चार खरे प्रसंग' हवे होते. मी म्हटलं, मनकर्णाबाई लासूरलाच राहतात, त्यांना येऊन विचारा. पलीकडून फोन ठेवला गेला.

मी वर्गावर गेले. दहावीच्या मुली निबंध लिहीत होत्या. रूपानं विचारलं, "मॅडम, कुणाचा फोन व्हता?"

"कुणाचा नाही," मी म्हटलं. "लिही तू."