जजबाईंचा कोट आणि चार नंबरचा बिल्ला

दहा

लाँड्रीतली तिन्ही धुलाईयंत्रं भर दुपारी एकदम बंद असणं हाच खरा चमत्कार. पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळी माणसं इस्त्रीच्या लांब टेबलाभोवती दाटीवाटीनं उभी होती. टेबलावर पाच पितळी बिल्ले ओळीनं मांडले होते, एक ते पाच नंबरांचे. मालकांच्या हातात दोरा, दोऱ्याच्या टोकाला काचेचा मणी आणि मालकांच्या पाठीशी जांभळा कोट घातलेले मनसम्राट.

“हात हलवायचा नाही,” सम्राट म्हणाले. “तुम्ही फक्त धरायचं. बोलेल तो लंबक.”

एक नंबरवर मणी गप्प. दोनवर गप्प. तीनवर गप्प. चारवर आला आणि आधी नुसता शहारला, मग डुलला, मग गोल गोल फिरायला लागला.

“आई गं!” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

“मी काही करत नाहीये हो!” मालक ओरडले. आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना अगदी मनापासून तसंच वाटत होतं.

पाच नंबरवर मणी नेलाच नाही. कशाला न्यायचा? चार नंबर सूनबाईचा.

नऊ

सूनबाई म्हणजे डागमावशीची सून. घरी सासू, कामावरही तीच सासू. पण दोघींचं जमायचं. लोकांना हाच मोठा चमत्कार वाटे.

डागमावशी सव्वीस वर्षं या लाँड्रीत डाग काढत होती. शाई, गंज, ग्रीस, रक्त, लिपस्टिक. डाग बघून ती माणसाचा आठवडा कसा गेला ते सांगे, आणि न विचारता सांगे, म्हणून मालक तिला काउंटरकडे फिरकू देत नसत.

झालं होतं एवढंच. जजबाईंचा मोतिया रंगाचा लोकरी कोट ड्रायक्लीनला आला. धुऊन निघाला तेव्हा स्वच्छ होता. आदल्या संध्याकाळी सूनबाईनं वाफेची इस्त्री केली, हँगरला चार नंबरचा बिल्ला अडकवला. ज्याची इस्त्री त्याचा बिल्ला, हा इथला नियम. सकाळी मालकांनी पिशवी उघडली तर कोटाच्या पुढच्या बाजूला तळहाताएवढा तपकिरी डाग.

“जाळला!” मालक म्हणाले. जजबाई संध्याकाळी पाचला कोट न्यायला येणार होत्या.

“मला बघू द्या,” मावशी म्हणाली.

“हात लावायचा नाही. पुरावा आहे तो.” मालकांनी कोट काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. सव्वीस वर्षं डाग ओळखणाऱ्या बाईला डाग सोडून सगळं बघायची परवानगी होती.

सूनबाई म्हणत होती, मी नाही जाळला. मालक म्हणत होते, मग कुणी? शेवटी त्यांना गेल्या रविवारचा नगरभवनातला संमोहनाचा खेळ आठवला. तिथं मनसम्राटांनी एका कॅशियरला कांदा सफरचंद म्हणून खायला लावला होता, आणि तो मिटक्या मारत खात होता. मालकांनी थेट फोन लावला, स्वतःच्या खिशातल्या फोनवरून. सम्राट तासाभरात हजर.

“संमोहनात माणूस खोटं बोलूच शकत नाही,” त्यांनी मालकांना सांगितलं. “सुप्त मनाच्या तळघराची किल्ली माझ्याकडे आहे.”

“गुन्हा कबूल झाला की आजच्या आज घरी,” मालक म्हणाले. “आणि गावातल्या दुसऱ्या कुठल्या लाँड्रीत हिला उभं करणार नाहीत, हे मी बघेन.”

आठ

सूनबाईला खुर्चीत बसवलं. सम्राटांनी आवाज खाली, खूप खाली नेला. विहिरीत बादली सोडावी तसा.

“माझ्या डोळ्यांत बघ. पापण्या जड. हात जड. मी दहापासून उलटं मोजेन. दहा... नऊ... आठ... सहा...”

सूनबाईच्या पापण्या मिटल्या. सकाळपासून रडून त्या तशाही जड झाल्या होत्या.

“तू इस्त्री करते आहेस. समोर मोतिया कोट आहे. दिसतोय?”

“दिसतोय.”

“तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजतो. वाजला ना?”

“...वाजला असेल.”

“वाजला. तू मान वळवलीस. हातातली इस्त्री कुठं आहे?”

“हातात.”

“नीट बघ. खाली आहे. कोटावर आहे. धूर येतोय. येतोय ना धूर?”

“हो... थोडा... येतोय.”

टेबलाभोवती एकच सुस्कारा. मालकांनी मांडीवर थाप मारली. बॉयलर सांभाळणारा वाफ्या तेवढा पुटपुटला, “सगळं तर हेच सांगतायत. ती नुसती हो म्हणतेय.” पण त्याचं ऐकतो कोण?

सूनबाईनं डोळे उघडले आणि सासूचा हात धरला.

“आई, मीच केलं हो. मला दिसलं. धूर दिसला.”

डागमावशीनं तिचा चेहरा नीट न्याहाळला. सून नाटक करत असती तर परवडलं असतं. पोरगी खरं बोलत होती. तिला आता खरंच दिसत होतं. नोकरी गेली असती तर दुसरी शोधता आली असती. पण न केलेली चूक हिच्या डोक्यात घर करून बसली तर ती काढायला कुठलं रसायन आणायचं?

सहा

“मलाही झोपवा,” डागमावशी म्हणाली.

“तुम्हाला कशाला?” मालक चिडले. “गुन्हा कबूल झालाय.”

“मी पण त्या दिवशी इथंच होते. माझ्या तळघरात काय आहे ते एकदा बघून घ्या. उगाच मागून भानगड नको.”

सम्राटांना गर्दी आवडत असे, आणि आणखी एक बळी तर फारच. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

पाच

इथं एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. डागमावशीवर संमोहनाचा प्रयोग आधी एकदा झाला होता. गेल्या वर्षी, दाढेच्या वेळी. सुई बघितली की तिला घेरी यायची. समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आधी भीती कमी करू, मग इंजेक्शन देऊ.” त्यांनी ना जांभळा कोट घातला, ना डोळे वटारले. श्वासाकडे लक्ष द्यायला लावलं आणि हळू आवाजात बोलत राहिल्या. मावशीचं अंग सैल पडलं, छाती धडधडायची थांबली. पण बाहेरचा भंगारवाला तिला ऐकू येत होता. मधेच ती म्हणाली, “नाक खाजतंय.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मग खाजवा की.” तिनं खाजवलं आणि पुन्हा सैल पडली.

घरी आल्यावर मुलानं विचारलं, “बेशुद्ध केलं होतं का गं?” ती म्हणाली, “छे रे. उलट इतकी शुद्धीवर मी कधी नव्हते.”

आता तीच मावशी सम्राटांसमोर डोळे मिटून बसली होती.

“दहा... नऊ... आठ... सहा...”

“सात राहिला,” मावशी डोळे मिटूनच म्हणाली.

सात

(राहिलेला.)

वाफ्याला हसू आवरेना. सम्राटांनी त्याच्याकडे रागानं बघितलं आणि घाईघाईनं एकापर्यंत मोजून टाकलं.

“तू गाढ झोपली आहेस. आता तुझ्या तोंडून फक्त सत्य बाहेर पडेल. कोट कुणी जाळला?”

“मी.”

सगळे चमकले. सूनबाई तर उभीच राहिली.

“तू?” सम्राट गोंधळले. “म्हणजे... दोघींनी मिळून?”

“मी एकटीनं. आणखीही पुष्कळ पापं आहेत. सांगू?”

“सांग, सांग! तळघर उघडलंय!”

“मागच्या महिन्यात मी बॉयलर चोरला. पदराखाली घालून घरी नेला.”

“अगं बाई!” वाफ्या म्हणाला. “मग मी रोज वाफ कुणाची काढतोय?”

“आणि मालकांच्या मिश्या,” मावशी शांतपणे म्हणाली, “त्याही आज सकाळी मीच उतरवल्या.”

मालकांचा हात आपोआप ओठावर गेला. मिश्या जागेवर होत्या, दोन्ही बाजूंनी, झुपकेदार. पण त्यांनी त्या चाचपून बघितल्या, आणि ते सगळ्यांनी बघितलं. लाँड्रीत असं हसू फुटलं की हँगर किणकिणले.

मावशीनं एक डोळा उघडला.

“काय सम्राट? खोटं बोलताच येत नाही ना?”

“ही झोपलीच नव्हती! ढोंग करत होती!”

“मग झोपलेलं कोण आणि ढोंगी कोण, हे तुम्हाला बघून कळत नाही तर. ते कळत नसेल तर खरं कोण आणि खोटं कोण, ते कसं कळणार?”

चार

सम्राटांनी लगेच लंबकाचा आधार घेतला. “लंबक तरी ढोंग करत नाही!”

“करून बघू,” म्हणत मावशीनं पाचही बिल्ले पालथे घातले, पत्ते पिसावेत तसे घोळवले आणि पुन्हा ओळीत मांडले. “घ्या मालक. आता शोधा चार नंबर.”

मणी पहिल्यावर डुलला, तिसऱ्यावर जास्त डुलला. उलटून बघितलं तर पाच नंबर. पुन्हा घोळवले. या खेपेला मणी ठामपणे फिरला एक नंबरवर. एक नंबर स्वतः मालकांचा. गर्दीच्या दिवसांत तेही इस्त्रीला उभे राहत.

“पकडा त्यांना!” वाफ्या म्हणाला.

“मणी तुमच्या मनातलं सांगतो,” दारातून आवाज आला. दातांच्या डॉक्टरीणबाई आपले पांढरे कोट न्यायला आल्या होत्या आणि मघापासून उंबऱ्यावर उभ्या राहून मजा बघत होत्या. “तुमच्या डोक्यात चार नंबर होता. बोटांना बारीक हिसके बसतात, आपल्याला जाणवत नाहीत, दोऱ्याच्या टोकाला मोठे होतात. नंबर दिसेनासा झाला की मण्याची अक्कल संपली.”

“पण तो कांदा?” मालक कळवळून म्हणाले. “कॅशियरनं कांदा खाल्ला हो!”

“तो?” मावशी म्हणाली. “आमच्याच गल्लीत राहतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या तर सालीसकट खाईल.”

“आणि मी?” सूनबाईनं हळूच विचारलं. “मी तर ढोंग नाही केलं. मला दिसलं.”

डॉक्टरीणबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. “संमोहन म्हणजे झोप नाही, जादूही नाही. मन एका जागी लागलेलं असतं, एवढंच. भीती, दुखणं, एखादी सवय, यांत शिकलेल्या माणसाच्या हातून त्याचा उपयोग होतो. मी करते. कुणी तुझ्या इच्छेविरुद्ध काही करून घेत नाही, कुणी त्यात अडकून पडत नाही. पण अशा वेळी कल्पना फार स्पष्ट दिसतात. यांनी धूर म्हटलं, तुला धूर दिसला. म्हणून संमोहनात आठवलेल्या गोष्टीला पुरावा मानायचं नसतं.”

“मग खरं काय झालं?”

“ते कपाटात आहे,” मावशी म्हणाली आणि मालकांपुढे हात पसरला. “किल्ली.”

तीन

कोट टेबलावर आला. मावशी वाकली. आधी नाक, मग नख.

“जळलेली लोकर कडक होते, नखानं चुरते. ही चुरतेय का? बघा. मऊ आहे. आणि हे काय? मोठ्या डागाभोवती बारीक थेंब. मालक, इस्त्री कधी शिंतोडे उडवते का?”

मालक डाग जवळून बघायला वाकले.

तिनं कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून काठावर टेकवला. कापूस तपकिरी झाला. “साखर. काहीतरी गोड सांडलं, वाळलं, दिसेनासं झालं. ड्रायक्लीनच्या द्रावणात साखर विरघळत नाही, पाण्यातच विरघळते. तशीच राहिली आत. वाफेची इस्त्री फिरली, साखर करपायला लागली आणि पिशवीत रात्रभरात डाग गडद झाला. इस्त्री कुणीही केली असती तरी हेच झालं असतं. म्हणून तर कपडा घेताना विचारायचं असतं. पावती कुठंय?”

पावती अशी होती:

कपडा: लोकरी कोट, मोतिया
गिऱ्हाईक: मा. जजसाहेब
काय सांडले होते?: ..............
कपडा घेणाऱ्याचा बिल्ला: १

दोन

“जजसाहेबांना कसं विचारायचं, काय सांडलं म्हणून?” मालक कसनुसे झाले.

पाचला जजबाई आल्या. मालक पावत्या चाळत राहिले, तेव्हा मावशीनंच विचारलं, “बाई, कोटावर काही सांडलं होतं का?”

“हो की,” जजबाई सहज म्हणाल्या. “लिंबू सरबत. पुसलं तर डाग दिसला नाही, मग मी सांगितलं नाही. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

“दोन दिवस द्या,” मावशी म्हणाली. “बराचसा निघेल. सगळा निघेल असं वचन देत नाही.”

वचन न देणारी माणसं जजबाईंना आवडत असावीत. त्या ‘बरं’ म्हणून गेल्या. जांभळा कोट त्याआधीच मागच्या दारानं गेला होता. मालकांनी सूनबाईपुढे चार नंबरचा बिल्ला धरला, खाली बघत. तिनं तो लगेच घेतला नाही. थोडा वेळ त्यांना तसंच उभं राहू दिलं, मग घेतला.

एक

यंत्रं सुरू झाली. पण सूनबाई इस्त्री हातात घेईना.

“आई, सगळं पटलं. तरी तो फोन अजून कानात वाजतोय हो.”

“कुठला फोन?”

“काउंटरवरचा.”

डागमावशीनं तिचा हात धरला, काउंटरपाशी नेलं आणि रिसीव्हर तिच्या कानाला लावला. आत काहीच नव्हतं. साधी घरघरसुद्धा नाही. गेले तीन आठवडे तो फोन मेलेला होता. दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत होता, आणि हे लाँड्रीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मालकांनाही. सूनबाईलाही. दुपारी टेबलाभोवती इतकी माणसं उभी होती, एकालाही आठवलं नाही. सगळी सम्राटांच्या डोळ्यांत बघत होती.

सूनबाईनं रिसीव्हर बराच वेळ कानाशी धरला. मग फिस्सकन हसली आणि इस्त्रीकडे गेली.

डोळ्यांत बघ म्हणणारे तुम्हालाही भेटतील. कोट जांभळा असेल, नाहीतर आणखी कुठला. भेटले तर खुशाल बघा त्यांच्याकडे, पण मधूनच मान वळवून फोन चालू आहे का तेही बघा. आकडे मोजत असतील तर तुम्हीही मोजा. आणि कितीही मोठा माणूस असो, पावतीवरची ती एक ओळ कोरी सोडू नका. विचारा: काय सांडलं होतं?