चांगुणाबाईच्या मापाची गाडी

मेहकरच्या जुन्या गाड्यांच्या आवारात गाड्या विकणारा नौशाद कपाळाला हात लावून उभा होता. गिऱ्हाईक इंजिन ऐकेना, टायर बघेना. टेपनं जमिनीपासून सीटची उंची मोजत होतं.

"सहदेवचाचा, गाडी घ्यायले आलात का खोळ शिवायले?"

"मायलेजबी सांग बे. मी कापडाची कतरन वाया जाऊ देत नाही, पेट्रोल काऊन जाऊ देईन? पण पयले सीट."

डोणगावचा सहदेव टेलर बैलाकडे नुसतं पाहून झूल शिवायचा. झूल बसली नाही, तर बैलच अंगानं सुटला म्हणायचा. माप चुकलं असं त्याच्या दुकानात आजवर घडलंच नव्हतं.

त्याच्या बायकोचे, चांगुणाबाईचे, गुडघे गेले होते. मागल्या साखरपुड्याला भाच्याच्या बुटक्या गाडीतून दोघांनी तिला ओढून काढलं, आणि अख्खा मांडव हसला. "मी काय पोतं हाव?" म्हणत बाई जी घरात बसली ती बसलीच. आता जानेफळला सख्ख्या बहिणीच्या नातीचं लग्न. तिथंही नाही म्हणाली.

म्हणून हवी होती उंच सीटची गाडी. वाकायला नको, कोणाचा हात नको.

"ही पाहा, चाचा. लिटरले वीस देते. चाचीले एकदा आणून बसवा ना."

"बत्तीस वर्षं तिचे परकर शिवून राह्यलो. उंची अडतीस इंच, त्यावरूनच सीट धरली. तिले आणखी काय मोजा लागते?"

लग्नाच्या सकाळी गाडी दारात लागली. गल्ली जमली. चांगुणाबाईनं ठेवणीतलं पातळ सावरलं, सीटकडे पाठ केली, टाचा उचलल्या. सीट दोन इंच वरच राहिली. पुन्हा टाचा उचलल्या.

"काकू, हात द्या," शेजारचा गोकुळ पुढं सरला.

"हात मांग घे, गोकुळ." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "सैपाकघरातला पाट आणा बरं."

सहदेवनं पाट ठेवला. बाई एकटी चढली, सरपंचासारखी ताठ बसली.

"अवो, दिसते हो इथून! पार मारुतीच्या देवळापावतर."

सहदेव पाट उचलायला वाकला, आणि तिथंच थांबला. पातळाखाली परकराची कड दिसत होती. दोन इंच आत दुमडलेली, हातशिलाईचे बारीक टाके.

"हे कवापासून?"

"झाले सात-आठ वर्षं. माणूस आटते म्हातारपणी. तुमी अडतीसच कापता, मी दुमडून घेते."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तुमचं माप चुकते का कधी?" ती हसली. "चला, लग्न लागून जाईन."

सहदेवनं पाट गाडीत तिच्या पायाशी नीट ठेवला. दार हळू लावलं. मग गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, खिशात टाकली आणि गाडी सुरू केली.