बुडबुडा मधोमध

पाणसळ. निळ्या फरशीचे चार तुकडे. गॅलरीतली कोरफडीची कुंडी. अर्धे शिजलेले बटाटे, मातीत. एका आईच्या पायावरचा डाग. विकलेला तंबू.

मित्रांनो, गोंधळू नका. हे सगळं एकाच आयुष्यातलं आहे. माझ्या. मी एक जुनी, सहलीला न्यायची गॅसची शेगडी आहे. मुठीत मावेन एवढीशी, भांडं पेलायला घडीचे तीन हात. गॅसच्या बुटक्या टाकीच्या डोक्यावर मला फिरवून बसवायचं आणि पेटवायचं. म्हणजे वर जड, खाली अरुंद. पुढचं तुम्हीच ओळखा.

माझा मालक फरशा बसवतो. त्याने केलेल्या जमिनीवर ठेवलेली गोटी जागची हलत नाही, असं लोक म्हणतात. असेल बापडं! पहिल्या सहलीत मी पाणी चटकन उकळलं, तेव्हा माझंही कौतुक झालं होतं. त्याच्या लेकीने टाळ्या वाजवल्या होत्या.

पण बाहेर पडला की हा माणूस घट्ट जागा शोधत नाही, जिथून छान दिसतं ती शोधतो. मग उतारावर फरशीचे गुळगुळीत तुकडे रचतो, त्यावर मला ठेवतो आणि सपाटी तपासायच्या पाणसळीच्या काचेतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत सगळ्यांना उपाशी ठेवतो. मग मी कलंडते. एकदा चहा सांडला, एकदा भात. बोलणी दोन्ही वेळा मीच खाल्ली.

शेवटच्या सहलीला निघताना त्याची बायको म्हणाली, "या खेपेला सांडलं ना, तर तंबू विकून टाका. आम्ही दोघी परत येणार नाही."

लेकीने तंबूची पिशवी पोटाशी घट्ट धरली.

तळ्याकाठी पुन्हा तेच. बायकोने मला बोट लावून पाहिलं. मी डुगडुगले.

"अहो, हलतेय ही."

"हलेल कशी? बुडबुडा बघ, अगदी मधोमध."

"मला बटाटे शिजवायचेत, बुडबुडा नाही."

"बाबा, तो सपाट खडक आहे ना तिकडे," लेक म्हणाली.

"तिथून तळं दिसत नाही गं, राणी."

मला ओरडायचं होतं. पण मला नुसतं फुसफुसता येतं. बायकोने पळी फिरवली, एक तुकडा सटकला आणि उकळतं पातेलं तिच्या पायावर आलं. मालकाने माझी चावी बंद केली, तिला उचलून धावत नेलं आणि तिचा पाय तळ्याच्या गार पाण्यात धरला.

"शेगडीच भिकार निघाली," तो पुटपुटला.

"शेगडीला एक शब्द बोलू नका," ती दात आवळून म्हणाली.

माझी बाजू घेणारं ते एकच वाक्य. तेही पोळलेल्या बाईचं!

तंबू गेला. तो न्यायला आलेल्या माणसाला लेकीनेच आतून खुंट्या आणून दिल्या. मालक तेव्हा दारामागे उभा होता.

आता मी गॅलरीच्या फळीवर धूळ खाते. मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला तोलू नका, टेकवा. पातेलं चढवण्याआधी बोटाने ढकलून बघा. हलली, तर जागा बदला. तळं नंतरही बघता येतं.

लेक रोज समोरच्या कोरफडीला पाणी घालते. वादळ आलं तरी ती कुंडी हलत नाही.

दुकानातून आणलं तेव्हा माझ्या खोक्यात टाकीच्या बुडाला अडकवायची, तीन पसरट पायांची एक बैठकही होती. मालकाने ती त्याच दिवशी कुंडीखाली ठेवली.