कान तुटलेला कप

"आज राहू द्या बाई. घरी जाऊन पडा, बरं वाटलं की या," स्कॅनच्या खोलीबाहेरची नर्स म्हणाली. बोलली ती मायेनंच. एका हातानं पोट धरून, दुसऱ्यानं तोंडाला रुमाल लावून बसलेल्या बाईला ती दुसरं काय सांगणार?

"बरं वाटल्यावर येऊन येऊनच माझं वर्ष गेलं," खेळाच्या बाई म्हणाल्या. "आज मी हलणार नाही."

खेळाच्या बाईंची शिट्टी वाजली की मैदानाच्या पार टोकाची मुलं जागच्या जागी थिजायची. त्याच बाईंना खोकल्यातून रक्त पडायला लागलं. पडायचं ते पाळीत, जेव्हा पोटदुखीनं त्यांनी अंथरूण धरलेलं असायचं. दवाखान्यात मात्र त्या जायच्या उठून चालता यायला लागल्यावर. तोवर छातीचा फोटो कसा, धुतल्यासारखा! आणि छातीच्या डॉक्टरांना पाळीचं कशाला सांगायचं, म्हणून तेही गिळून टाकलेलं. थुंकीत काही सापडलं नाही, तरी संशयावर टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! शाळेनं मैदान काढून घेतलं. घरी जाऊबाईंनी कान तुटलेला एक कप बाईंसाठी वेगळा काढला. लेकराबाळांचं घर आहे, एवढंच म्हणाल्या. तो कप खिडकीत एकटा राहायचा. चहा पिताना बाईंचा नुसता जळफळाट व्हायचा.

आज पहाटे पडल्या पडल्या त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ही दोन दुखणी येतात जोडीनं, जातातही जोडीनं. नवरा म्हणाला, दोन दिवसांनी जाऊ. बाईंनी चपला घातल्यासुद्धा.

बोलणं ऐकून छातीचे डॉक्टर बाहेर आले. बाकावर पुरुषमाणसं होती. बाईंनी आवाज तसूभरही खाली आणला नाही.

"पाळी आली की माझ्या छातीतून रक्त येतं. दर वेळी. आज आलंय, आज बघा."

बाकावरच्या माना खाली गेल्या. डॉक्टरांनी नर्सला बाईंना आत घ्यायला सांगितलं.

उजव्या फुप्फुसावर डाग दिसला. पाळी सरल्यावर पुन्हा पाहिलं, तर डाग पुसट झालेला. गर्भाशयाच्या अस्तरासारखे कण फुप्फुसात रुजले होते, आणि पाळी आली की तेही रक्त गाळायचे. हे मी आधीच विचारायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले. टीबीच्या गोळ्या बंद झाल्या, पाळी थांबवणाऱ्या सुरू झाल्या. त्यानं भागलं नाही तर ऑपरेशन करू, असंही त्यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, करा, पण आता मला घाबरवू नका.

गोळ्या बदलल्या त्या संध्याकाळी बाईंनी घरी सांगितलं, टीबी नव्हताच; आणि सगळ्यांसाठी चहा केला. खिडकीतला कप घेतला, त्यात चहा ओतला आणि जाऊबाईंपुढे ठेवला.

"हा तुझा ना?" जाऊबाईंनी विचारलं.

"घरातलाच आहे, वहिनी."

बाई तिथंच उभ्या राहिल्या. जाऊबाईंनी कप दोन्ही हातांनी उचलला आणि चहा संपवला. मग बाईंनी तो विसळला आणि मांडणीत इतर कपांच्या मधोमध ठेवून दिला.