संयोगिताचा डगला

मी एक डगला आहे. ज्युदो खेळताना अंगात घालतात तो. जाड, पांढरा, दाणेदार विणीचा, कमरेला पट्ट्यानं बांधायचा. खेळाडू मला वेगळ्या नावानं ओळखतात, पण रहिमतपूरच्या अंजनाबाईंनी पहिल्याच दिवशी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यो तर डगला हाय." तेव्हापासून मी डगलाच. माझ्या जोडीची विजार गुडघ्यांवर फाटून केव्हाच गेली. मी टिकलो.

जन्म मेरठचा. तिथून मला लालासाहेबांनी आणलं. लालासाहेब फौजेतून हवालदार होऊन परतलेले. ज्युदो ते तिकडेच शिकले, आणि गावी ऊस सांभाळता सांभाळता शाळेच्या सभागृहात पोरापोरींना शिकवू लागले. अंजनाबाईंची संयोगिता त्यांच्याकडे जायची. मी तिच्या मापापेक्षा बराच मोठा निघालो. अंजनाबाईंनी बाह्या आत दुमडून टाके घातले. दर उन्हाळ्यात त्या थोडे टाके उसवायच्या, आणि त्या दिवशी संयोगिता आरशासमोर हात लांब करून आपण किती वाढलो ते बघत बसायची.

इतर कपडे माणसाला झाकतात. मला माणसं धरतात. कॉलर धरतात, बाही धरतात, ओढतात, ढकलतात. त्यामुळं माणूस मला मुठीतून कळतो. घाबरलेला फार घट्ट धरतो. कसलेला सैल धरतो आणि वेळ आली की आवळतो. संयोगिता समोरचीचा डगला तसाच धरायची.

ती एकोणीस वर्षांची असताना सांगलीला निवड चाचणी होती. शेवटच्या लढतीत समोर चंदना आली. सांगलीच्या वर्धमानशेठ व्यापाऱ्यांची मुलगी, उंच, हट्टी, संयोगिताच्या तोडीची. तीन मिनिटं कुणी कुणाला पाडेना. मग दोघी खाली आल्या आणि संयोगितानं आर्मलॉक धरला. यात आपण पाठीवर पडायचं, समोरच्याचा हात दोन मांड्यांमध्ये आवळायचा आणि कोपर उलट्या बाजूला ताणायचा. दुखलं की समोरच्यानं मोकळ्या हातानं मॅटवर थाप द्यायची. थाप पडली की त्या क्षणी सोडायचं. सगळा खेळ या एका विश्वासावर चालतो.

थाप पडेना. मॅटच्या कडेला बसलेले लालासाहेब म्हणाले, "सोडू नगंस." संयोगितानं आणखी ताण दिला. ती पाठीवर होती, तिला वरचं छत तेवढं दिसत होतं. पट्ट्यातून सुटून माझी खालची कड बाहेर आली होती, ती चंदनाच्या डाव्या मुठीत होती. ती मूठ आवळत चालली होती. पंच पुढं वाकले तोवर कोपरातून आवाज आला.

जिंकल्याचा हात पंचांनी वर केला तेव्हा मी गळ्यापाशी ओला होतो, आणि तो सगळा घाम नव्हता.

संध्याकाळी संयोगिता मला तशीच अंगात घेऊन दवाखान्यात गेली. दारात चंदनाचे आण्णा, वर्धमानशेठ, उभे होते. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आज नको, बाळ." ती मागं फिरली. पुढं कुणीतरी तिला सांगितलं, की चंदनाचा दुसरा हात तुझ्या पायाखाली अडकला होता, ती थाप देणार तरी कशी? संयोगिताला ते खरं वाटलं. खरं काय ते मला ठाऊक होतं. पण डगल्याला कोण विचारतं?

राष्ट्रीय स्पर्धेत तिला पुन्हा तसाच हात सापडला. पकड पक्की होती. तिनं ती सोडून दिली. समोरच्या मुलीनं उलटून तिलाच दाबलं. लालासाहेबांनी विचारलं तर म्हणाली, हात निसटला. त्यांनी तिची पिशवी उचलली आणि पुढं चालू लागले. मला वाटतं, त्यांनाही आपले ते दोन शब्द जाचत असावेत. त्यानंतर ती सात वर्षं खेळली. फेकून जिंकली, दाबून जिंकली, राज्यात दोनदा पहिली आली, देशात एकदा तिसरी. आर्मलॉक मात्र पुन्हा धरला नाही.

मग कऱ्हाडजवळ मलकापुरात तिनं स्वतःचा वर्ग काढला. मी आता कोचच्या अंगावर होतो. नवीन मूल आलं की पहिला महिना ती एकही डाव शिकवायची नाही. नुसतं पडायला आणि थाप द्यायला शिकवायची. एखादं पोर दात-ओठ खाऊन सहन करत राहिलं तर एवढी चिडायची, की पालक बाहेरून डोकावायचे.

लालासाहेब थकले होते, पण दर महिन्याला यायचे. त्यांनीच आग्रह धरला, की आपल्या पोरांना वाचता येईल असं मराठीत ज्युदोचं पुस्तक लिही. ती लिहू लागली. मी दाराच्या खुंटीवर असायचो. पडणं, फेकणं, पकडी, आहार, आयांच्या शंका, सगळं लिहून झालं. आर्मलॉकचं प्रकरण कोरं राहिलं. दोन वर्षं वहीत नुसतं शीर्षक होतं.

एका सकाळी तिनं मला पिशवीत कोंबलं आणि एसटीनं इस्लामपूर गाठलं. चंदना लग्न होऊन तिथं आली होती, खतं-बियाण्यांचं दुकान नवऱ्याबरोबर चालवायची. संयोगिता दारात दिसली तेव्हा ती गिऱ्हाइकाला पावती देत होती. उजवा हात कोपरात थोडा वाकडाच राहिला होता. तिनं पावती पुरी केली, चहा सांगितला आणि स्टूल पुढं सरकवलं.

संयोगितानं मला पिशवीतून काढून मांडीवर घेतलं. मग तिनं विचारलं, "तुझा डावा हात माझ्या पायाखाली होता का?"

चंदनानं माझ्याकडं पाहिलं. "न्हाई. मोकळा व्हता. ह्या डगल्याची कड धरली व्हती मी."

"मग थाप का दिली नाहीस?"

"आण्णा समोर बसलेले. घरात सगळे इरोधात, ते एकटे माझ्या बाजूनं. पहिल्यांदाच बघायला आले व्हते." तिनं पावतीपुस्तक मिटलं. "वाटलं, तूच सोडशील."

"मी सोडायला पाहिजे होतं."

"व्हय," चंदना म्हणाली. "आणि मी थाप द्यायला पाहिजे व्हती."

चहा आला. तो गार झाला. थोड्या वेळानं चंदनानं विचारलं, "पण तू परत कवाच का आली न्हाईस?"

"तुझ्या आण्णांनी नको म्हटलं."

"आज नको म्हणाले व्हते. उद्या यायचं की गं."

संयोगितानं मला तोंडावर धरलं. अठरा वर्षांचं रडू होतं ते. मी जाड कापडाचा आहे, सगळं पिऊन घेतलं.

ते प्रकरण तिनं आठवड्यात लिहिलं, चंदनाच्या नावानिशी, चंदनाच्याच सांगण्यावरून. छापायच्या आधी लालासाहेबांना वाचून दाखवलं. स्वतःचे दोन शब्द त्यात ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसंच. एक अक्षर खोडू नगंस." पुस्तक मागच्या वर्षी निघालं. आता तालमीच्या वस्तादांकडंही ते दिसतं, असं ऐकतो.

हे सगळं मला नंतर कळलं, कारण त्या दिवशी इस्लामपुरातून मी परत आलोच नाही. निघताना चंदनानं मला मागून घेतलं. काही दिवस मी तिच्या कपाटात होतो. मग एका रविवारी तिनं मला अंगात घातलं, आरशात पाहिलं, पोट सुटलंय म्हणून स्वतःशीच हसली आणि मलकापूरची गाडी पकडली. आता दर रविवारी आम्ही जातो. लहान पोरांच्या रांगेत उभी राहून ती पडायला शिकते. उजवा हात सांभाळून, डाव्या कुशीवर.

माझं आता वय झालंय. कॉलर विरली आहे, काखेत ठिगळ आहे, स्पर्धेत मला कुणी उभं करणार नाही. माझं मागणं थोडकं आहे. मला गार पाण्यात धुवा, फार पिळू नका आणि सावलीत वाळवा, म्हणजे आणखी काही रविवार निभतील.

कारण गेल्या रविवारी संयोगिता म्हणाली, चल, आज माझ्याशी धर. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, वाकल्या, आणि संयोगिताच्या हातांनी माझी कॉलर धरली. इतकी वर्षं मी तिच्या अंगावर होतो. तिची मूठ बाहेरून कशी लागते, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हलकी होती.