डाव्या बाजूचा खिसा

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात पुरुष लग्नाची अंगठी घालत नसत. हे मला पाठ आहे, कारण जुन्या काळच्या मालिकेत एखाद्याच्या बोटात अंगठी दिसली की प्रेक्षकांची पत्रं येतात आणि बोलणी मला खावी लागतात. तीस वर्षं मी अशा मालिकांचे कपडे सांभाळते आहे. घड्याळं, चष्मे, अंगठ्या, सगळं उतरवून घेते. तिथे दयामाया नाही.

इंग्लंडातल्याच हॅलोबी गावात आम्ही एका जुन्या कादंबरीवरच्या मालिकेतल्या नाचाच्या प्रसंगाचं चित्रण करत होतो. नाचणारे बाहेरचे, बाकी गर्दी गावातली. सकाळी सातला क्लिफर्ड ओट्स माझ्यासमोर उभे राहिले. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात मी दिलेला हिरवा कोट आणि बोटात अंगठी.

"मिस्टर ओट्स, अंगठी काढा."

"नाही काढणार."

"सगळ्यांनी काढली आहे."

"सगळ्यांचं सगळ्यांपाशी. बावन्न वर्षांत एकदाही काढलेली नाही. चालत नसेल तर हा तुमचा कोट घ्या, मी चाललो घरी." आणि ते खरंच बटणं सोडायला लागले.

माझं डोकं फिरलं. नावावर काट मारायला यादी काढली, तर खाली आधीच काट मारलेलं एक नाव होतं. आयव्ही ओट्स.

ती मला लख्ख आठवली. जानेवारीत दोघं मापं द्यायला आली होती. बाई जेमतेम चार फूट अकरा इंच, आणि ही कादंबरी दर हिवाळ्यात वाचणारी. टाचण्या लावून घेता घेता मलाच म्हणाली, "अगं, पिवळा रंग शोभत नाही म्हणून पुस्तकात बहीण नायिकेला चिडवते, आणि तू तिला पिवळंच घालतेस?" मी निमूटपणे नायिकेचा रंग बदलला होता. मार्चमध्ये निरोप आला, ओट्सबाई येणार नाहीत. का, ते मी विचारलंच नव्हतं.

"कधी गेल्या?" मी आता विचारलं.

"फेब्रुवारीत." ते खुर्चीत टेकले. "अर्ज तिनंच भरला होता, दोघांचा. जाताना मला बजावलं, क्लिफ, घरी बसून राहिलास तर याद राख!" त्यांनी अंगठीवर बोट ठेवलं. "पण हिला मागे ठेवून नाचाला कसा जाऊ?"

आयव्हीच्या जांभळट झग्याचं उरलेलं कापड माझ्या पेटीत होतं. त्याचा मी त्यांच्या कोटाखालच्या जाकिटाला आतून, डाव्या बाजूला, अंगठीपुरता खिसा शिवला. त्यांनी कापड ओळखलं आणि हात पुढे केला. मी बोटाला साबण चोळला, तरी पाच मिनिटं लागली. अंगठीखालचं बोट पांढरं आणि बारीक झालं होतं. मेकअपच्या मुलीनं ते रंगवलं, मी अंगठी खिशात घालून तोंड शिवून टाकलं.

पहिल्याच टेकला घोटाळा झाला. नाच सुरू झाला आणि नायिकेच्या मागे, भिंतीशी उभ्या असलेल्या क्लिफर्डचा हात आपोआप छातीवर गेला. अंगठी आहे ना, ते चाचपायला.

"नायिकेचा टेक छान, हा ठेवायचा. पण हिरवे आजोबा, हात खाली!" टेक संपताच सहायक दिग्दर्शक ओरडला. "छातीत दुखतंय का? बाहेर घ्या रे त्यांना!"

चित्रणात मध्ये बोलणं माझं काम नव्हे. तरी बोलले. "नायिकेचा हा टेक ठेवायचा म्हणालास ना? मग त्यात आजोबा आहेत आणि त्यांचा हात छातीवर आहे. आता प्रत्येक टेकला तो तिथेच जायला हवा. कंटिन्युइटी म्हणतात त्याला, बाळा."

अकरा टेक झाले. अकराही वेळा, सुरावटीच्या त्याच जागी, क्लिफर्डनी हात छातीवर नेला. संध्याकाळी टाके उसवून मी अंगठी पुन्हा त्यांच्या बोटात घातली. जाकीट भाड्याचं होतं, खिसा काढून परत करायला हवं होतं. नाही काढला.

पुढच्या वर्षी मालिका लागली तेव्हा त्यांनी मला घरी बोलावलं. चहा होता, फळांचा केक होता. आयव्हीच्या खुर्चीत मला बसू दिलं नाही, कोचावर बसवलं. मला नुसती धाकधूक होती. संकलनात भिंतीजवळची माणसं हमखास उडतात, आणि हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

नाच सुरू झाला. नायिका वळली आणि मागे हिरवा कोट दिसला. छातीवर हात, चेहऱ्यावर थोडं हसू. मोजून तीन सेकंद.

क्लिफर्डनी माझ्याकडे वळून घाबरत घाबरत विचारलं, "दिसलो का?"

"दिसलात," मी म्हटलं. "दोघंही."

त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा हात थोपटला आणि मला केक कापायला सांगितला. मला सुरी दिसेना, डोळे भरून आले होते.