दीक्षेआधीचे, दीक्षेनंतरचे

१९८६च्या हिवाळ्यात चामोर्शीजवळच्या आमच्या बौद्ध वस्तीत फ्लूची साथ आली. मी आरोग्यसेवक; घरोघरी जाऊन यादी करत होतो. वय विचारलं की माणसं आभाळाकडे पाहायची. शेवटी वैतागून मी छप्पन सालच्या दीक्षेआधी जन्म की नंतर, एवढंच विचारू लागलो.

"मी दीक्षेआधीची," बायनाबाई म्हणाली. "मले काई नाई झालं. पोरं सारी पडली."

वयाच्या रकान्यात मी 'आधी' किंवा 'नंतर' एवढंच लिहिलं. आरोग्य केंद्राचे डॉक्टर माझ्यावर खेकसले, मग यादी पुन्हा वरून खाली वाचू लागले. तापाने पडलेले जवळजवळ सगळे 'नंतर'चे होते.

"ही फ्लूची जुनी जात आहे," ते म्हणाले. "सत्तावन्न साली नवी जात आली आणि ही वीस वर्षं गायब होती, मग परतली. ज्यांना ती आधी होऊन गेली, त्यांचं शरीर तिला अजून ओळखतं."

महिनाभर चाळीस घरांतला खोकला मी तोंडावर घेतला होता. मला साधी शिंकही आली नाही. आणि शाळेच्या दाखल्यावर माझा जन्म अठ्ठावन्नचा आहे.

घरी मायला विचारलं.

"ते मास्तरानं लिवलं," ती म्हणाली. "दीक्षेले तू माहं बोट धरून चालत आलता."